जुन्या कपड्यांचं बोचकं, दोन पोरं आणि थोडी माया

उसवलेली_शिवण

नमस्कार मंडळी. वर्षभर या संकेतस्थळावर नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा चर्चेचा धागा काढायचं धाडस केलंय.

घरात दोन मुलं. थोरली पाच वर्षांची, धाकटा अकरा महिन्यांचा. सध्या एकाच पगारावर घर चाललंय आणि पोरं तर अशी वाढताहेत की कपडा अंगाला नीट बसला म्हणेपर्यंत तोकडा होतो. दुसरीकडे कपाटाच्या वरच्या खणात जुन्या कपड्यांचं भलंमोठं बोचकं पडून आहे. नवऱ्याचे कॉलर झिजलेले सुती शर्ट, सात-आठ टी-शर्ट, गुडघ्यावर फाटलेल्या दोन जीन्स, कसर लागलेला लोकरी स्वेटर, मधोमध विरलेल्या तीन चादरी. शिवाय आईनं दिलेलं साधं शिलाई मशीन. त्याला सरळ टीप आणि झिगझॅग एवढंच येतं. मला त्याहून कमी येतं.

गेल्या आठवड्यात हुरूप आला आणि एका शर्टाचं झबलं शिवलं. कापायला एक तास, शिवायला तीन. दिसायला इतकं गोड झालं की नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. सकाळी धाकट्याला घालायला गेले तर डोकंच आत जाईना. तो रडून लाल, मी घामानं लाल. शेवटी ते झबलं थोरलीच्या अस्वलाला चढवलं. अस्वलाचं डोकं लहान आहे म्हणून निभावलं.

तर प्रश्न असा की कुठल्या कपड्यातून काय निघू शकतं, हे आधी ओळखायचं कसं? आणि काय सरळ टाकून द्यावं? सोपं काहीतरी सांगा, ज्यात अस्वलाची मदत लागणार नाही.

बोचकंवाली

अगं, अस्वल वाचून चहा सांडला! माझंही पहिलं झबलं बाहुलीच्याच वाट्याला गेलं होतं.

माझं सांगणं एकच. झबल्यापासून सुरुवात करू नकोस. आधी लाळेरी शिव. अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसाला पाच-सहा तरी लागतात. वरचा थर टी-शर्टचा, खालचा विरलेल्या टॉवेलचा. मापाची चूक झाली तरी लाळ काही तक्रार करत नाही. मागं नाडी लावू नकोस, एक टिचबटण किंवा चिकटपट्टी (वेल्क्रो) लाव, म्हणजे कुठं अडकलं तर ओढल्यावर सुटेल. झोपताना मात्र लाळेरं काढूनच ठेवायचं.

जुनी_कात्री

ताई, सदतीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून मशीन मुलाच्या हाती दिलं आहे. तुमचं झबलं का अडलं ते सांगतो.

बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. वर्षाच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ४६ सेंटिमीटर भरतो आणि छातीचा घेरही जवळपास तेवढाच. मोठ्या माणसाच्या शर्टाकडे बघून अंदाजानं गळा कापला की फसगत ठरलेली. न ताणणाऱ्या कापडाला गळ्याचा घेर डोक्याच्या घेराहून दोन-तीन सेंटिमीटर जास्त हवा. तेवढा ठेवला तर गळा खांद्यावरून घसरतो, म्हणून उघड द्यायची. खांद्यावर नाहीतर पाठीवर.

तुमच्या हातात तर आयता शर्ट होता. त्याची बटणपट्टी उसवायचीच नाही. शर्टाची पुढची बाजू ती झबल्याची पाठ करायची. काजं तयार, बटणं तयार, पट्टीही तयार. काजं करणं हे नवशिक्याचं सगळ्यात कटकटीचं काम, ते शर्टानं आधीच करून ठेवलेलं असतं. शर्टाची खालची दुमड तीच झबल्याची खालची दुमड. म्हणजे शिवायचं उरतं काय? खांदे, बाजू, गळा आणि बाह्या.

अंगाला बरोबर बसणारं एखादं जुनं झबलं मधोमध दुमडून शर्टावर ठेवा आणि खडूनं रेघ मारा. बाजूंना आणि खांद्याला दीड सेंटिमीटर माया सोडून कापा. तुम्ही किती सोडली होती ते लिहिलं नाहीत.

नुसती_वाचक

माया म्हणजे? मी शिवणकामात ढ आहे.

जुनी_कात्री

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतो ती माया. चुकलं तर उसवून सैल करता येतं. मूल वाढलं तरी सैल करता येतं. तयार कपड्यात हल्ली ती नखाएवढी असते. एकदा आखूड झालं की झालं.

रात्रपाळीचा_बाबा

इथे एक बाबाही आहे बरं का. आमच्याकडे गुडघ्यांचं खातं माझ्याकडे. मुलगा चार वर्षांचा, रांगायचं वय सरलं तरी गुडघ्यावरच जगतो.

तीन गोष्टी चुकत चुकत शिकलो. भोक पडायची वाट बघायची नाही. गुडघा उजेडासमोर धरला की विरलेला भाग चाळणीसारखा दिसतो, तेव्हाच ठिगळ लावायचं. ठिगळ विरलेल्या भागाहून चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर मोठं हवं, म्हणजे टीप धडधाकट कापडावर पडते. मी आधी भोकापुरतं ठिगळ कापायचो, ते आठ दिवसांत कडेच्या कापडाला घेऊन सुटायचं. आणि कोपरे गोल कापायचे. चौकोनी ठिगळाचे कोपरे आधी उचलले जातात.

लहान पोराच्या विजारीचा पाय मशीनखाली जात नाही, नळीच ना ती. त्यावर तोड म्हणजे बाजूची शिवण गुडघ्याच्या आसपास वीतभर उसवायची, ठिगळ सपाट बसवायचं, मग शिवण परत टिपायची. जीन्सला दोन शिवणी असतात. जी दुहेरी टिपेची दुमडलेली असते तिच्या वाटेला जाऊ नका. दुसरी, एकेरी टिपेची उसवा.

ठिगळाचं कापड कुठून आणायचं? मोठ्या जीन्सच्या पायाच्या मागून, पोटरीवरून. पुढून गुडघा गेलेला असला तरी मागं कापड ठणठणीत असतं.

शंकासुर

सगळ्यांची माफी मागून थोडं पाणी ओततो. हे खरंच स्वस्त पडतं का?

आमच्या घरी हा छंद सुरू झाला तेव्हा आधी कात्री आली. मग दुसरी कात्री, कागदाची वेगळी आणि कापडाची वेगळी. मग दोऱ्यांची पेटी, कडा बांधायचं मशीन, छापील कापडाचे तुकडे, ते ठेवायला डबे, डबे ठेवायला कपाट. वर्षअखेरीस बाळाच्या अंगावर घरची अशी तीन झबली. त्यापेक्षा नात्यातल्या मोठ्या मुलांचे उतरलेले कपडे मागून घेतले असते तर फुकटात काम झालं असतं.

हौसेला मोल नाही हे मान्य. पण मग तिला काटकसर म्हणू नका.

बोचकंवाली

शंकासुर, बोचलं, कारण खरं आहे. माझ्याकडेही ते कपाट आहे. :(

पण दोष शिवण्याचा नाही, आणण्याचा आहे. आता मी घरात कापड आणतच नाही. सुया, दोरा, इलास्टिक, एवढंच बाहेरून येतं. दोरा आणि इलास्टिक जुनं वापरायच्या फंदात कुणी पडू नका. जुना दोरा हातानं ताणला की तटकन तुटतो आणि धुऊन धुऊन इलास्टिकचा जीव गेलेला असतो. बटणं, चेन, हूक, बक्कल, खिसे मात्र सगळं काढून ठेवायचं.

आणि उतरलेले कपडे घ्यायचेच की! लाज कसली? दुरुस्तीला निम्मा माल तोच असतो.

उसवलेली_शिवण

शंकासुर, तुमचा प्रतिसाद नवऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. दोनदा. धन्यवाद.

त्यामुळे नियम ठरलाय की तीन महिने सुई-दोऱ्याखेरीज काही आणायचं नाही. कात्री घरातलीच, फक्त आता तिनं दुधाच्या पिशव्या कापायला बंदी.

लाळेरी सात झाली! पैकी पाच बरी आहेत. पण टी-शर्टचं कापड मशीनखाली लाटांसारखं होतंय आणि मधेच टाके सुटताहेत. काय करू?

जुनी_कात्री

सुई बदला. टी-शर्टचं कापड विणलेलं असतं, त्यात फासे असतात. साधी टोकदार सुई फासा तोडते आणि टाकाही सोडते. होजिअरीसाठी गोल टोकाची सुई मिळते, ती फाशांच्या मधून वाट काढते.

टाका बारीक झिगझॅगचा ठेवा. सरळ टीप कापडाबरोबर ताणत नाही, ताण आला की तुटते. आणि शिवताना कापड मागून ओढू नका. लाटा त्यानंच येतात. तरी आल्या तर खाली वर्तमानपत्राची पट्टी धरा, तिच्यासकट शिवा आणि मग कागद फाडून काढा.

जीन्सला उलट जाड सुई लागते, १०० नंबरची. शर्टाच्या सुती कापडाला ८० पुरे. एकाच सुईनं सगळं शिवणारी माणसं मशीनला शिव्या देतात. मशीनचा काही दोष नसतो.

कापूस_की_काय

मूळ प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं असं वाटतं, म्हणून लिहिते. ‘कशातून काय’ हे आकारावर नाही, धाग्यावर ठरतं.

लेबल धुऊन पुसट झालं असेल तर शिवणीच्या आतून चार धागे काढा आणि चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. मुलं जवळ नकोत. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचा, मागं मऊ राख. लोकर केस जळाल्यासारखी घाण मारते आणि ज्योत बाजूला नेली की स्वतःच विझते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही लक्षणं दिसतात.

हे कळलं की बरंचसं आपोआप ठरतं. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, म्हणून त्याची लाळेरी, लंगोट, पुसणी करू नका. बिचारं पाणी नुसतं इकडून तिकडे सरकवतं. त्याच्या पिशव्या करा, खेळणी ठेवायच्या, ओले कपडे घालायच्या. जुनं सूत धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, ते बाळाच्या अंगाला. पुन्हा त्याला आटायचं होतं तेवढं ते आटून बसलेलं असतं, त्यामुळे माप दगा देत नाही. याउलट नवं कापड जुन्याला जोडायचं असेल तर नवं आधी धुऊन घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात नवं आटतं आणि जोडाच्या कडेला चुण्या पडतात.

रंगवायचा विचार असेल तर आणखी एक गंमत. सुती कपड्यांची शिलाई बहुतेक वेळा पॉलिस्टर दोऱ्यानं केलेली असते. कापड रंग घेतं, दोरा घेत नाही. मी पांढरा सदरा गडद निळा रंगवला आणि सगळ्या टिपा पांढऱ्याशुभ्र राहिल्या. लोक म्हणाले काय सुंदर डिझाइन आहे. मी हो म्हटलं.

उसवलेली_शिवण

धागे जाळले. स्वेटर लोकरीचाच निघाला, खरंच केसांचा वास. पण कसरीनं चार ठिकाणी भोकं पाडलीत. उसवून लोकर काढू का?

कापूस_की_काय

आधी बाजूची शिवण उलटून बघ. तिथं कडा कापून ओव्हरलॉक केलेली (मशीनच्या दोऱ्यानं बांधलेली) असेल तर उसवायच्या भानगडीत पडू नकोस. प्रत्येक ओळीच्या टोकाला लोकर तुटलेली असते, हाती वीत-दोन वीत तुकडेच येतात. कडा अखंड असून नुसती जोडलेली असेल तर लांब धागा मिळतो. पण तुझ्या स्वेटरला कसरीची भोकं आहेत, म्हणजे तिथंही तुकडे.

त्यापेक्षा मुद्दाम आटव. गरम पाणी, साबण आणि रगडा. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता आणि रगड्यानं ते एकमेकांत अडकत जातात आणि कापड आटून नमद्यासारखं (दाबून केलेल्या लोकरी कापडासारखं) दाट होतं. मग कुठंही कापलं तरी धागा सुटत नाही, कडा दुमडायची गरज नाही. बाळाचे बूट, हातमोजे, सुया टोचायची उशी असं काहीही कर. ॲक्रिलिकचा स्वेटर असा आटत नाही, त्याच्यावर मेहनत करू नकोस.

कसर लागलेले कपडे बाकी लोकरीपासून लांब ठेव आणि आटवायच्या आधी चांगले झटकून घे. अळी कापडाबरोबर फिरते.

इतिहासाचं_वेड

थोडं विषयांतर, संपादक सांभाळून घेतील.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ च्या जूनपासून कपड्यांवर रेशन आलं, ते १९४९ पर्यंत टिकलं. कूपनांवर माणशी ठरावीकच कपडे. तेव्हा १९४३ साली तिथल्या सरकारनं ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढली. आहे ते वापरा, फाटलं ते दुरुस्त करा, असा सगळा मजकूर. रफू कसं करावं, कसरीपासून कपडे कसे जपावेत, मोठ्यांच्या कपड्यांतून लहानांचे कसे काढावेत. म्हणजे आपल्या या धाग्याचीच सरकारी आवृत्ती.

अमेरिकेत त्याच्या आधीपासून पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांचे कपडे शिवत. हे ध्यानात आल्यावर कंपन्यांनी पोती फुलाफुलांच्या छापाची काढायला सुरुवात केली. मग नवरा पशुखाद्य आणायला निघाला की बायको सांगणार, कुठला छाप आणायचा!

रात्रपाळीचा_बाबा

आमच्या घरी आजही मी छाप चुकवतो. +१

इतिहासाचं_वेड

हा हा. पण त्या काळातली एक युक्ती मूळ धाग्यातल्या चादरींसाठी चपखल आहे. चादर मधोमध विरते, कारण अंग तिथं घासतं. कडांना काही होत नाही. म्हणून ती लांबीत बरोबर मधून फाडायची, दोन्ही बाहेरच्या कडा आत आणून एकमेकींना जोडायच्या आणि विरलेला भाग बाहेर नेऊन दुमडायचा. चादरीचं आयुष्य वाढतं. मधली शिवण मात्र चपटी हवी, नाहीतर रात्रभर पाठीला टोचते. हे स्वानुभवानं लिहितोय.

उसवलेली_शिवण

चादरी उजेडासमोर धरल्या. एकीचा मध्य इतका गेलाय की पलीकडचा नवरा दिसला. तिच्या कडांमधून थोरलीच्या बिछान्यापुरती छोटी चादर निघेल असं वाटतंय. विरलेल्या भागाची पुसणी.

त्या कडांतून धाकट्यासाठी गोधडीही शिवायची होती. चौकोन कापून ठेवलेत.

नुसती_वाचक

गोधडीबद्दल एवढंच सांगते (शिवणात ढ असले तरी बाळांच्या वॉर्डात काम करते). वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सुटी गोधडी, उशी, मऊ खेळणी काही ठेवू नये. तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. गोधडी जमिनीवर खेळायला अंथरा, पाहिजे तेवढी.

आणखी दोन गोष्टी. टोपीला किंवा गळ्याला ओढून बांधायची नाडी नको. घसरगुंडीत, झुल्यात, गाडीच्या दारात ती अडकते. गळफास बसून मुलं दगावलीत, म्हणून अमेरिकेत १९९६ साली ग्राहक सुरक्षा आयोगानं अशा नाड्यांबद्दल खास सूचना काढल्या होत्या. दुसरं म्हणजे बटणं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटे बारीक भाग नसावेत. खेळणी तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. शर्टाची सगळी बटणं त्यात मावतात. म्हणून बाहुलीचे डोळे बटणांचे नकोत, दोऱ्यानं भरा.

झबल्याची बटणंही धुतल्यावर दर वेळी ओढून बघत जा.

बोचकंवाली

ढ म्हणे! हा प्रतिसाद सगळ्यात वर चिकटवून ठेवायला हवा.

आठवीतली_आई

माझी अडचण वेगळीच आहे. लेक लहान असताना मी खूप शिवायचे. दुसरीत गेल्यावर तिनं एके दिवशी शाळेतून येऊन ठिगळाची विजार कपाटामागं टाकली. वर्गात कुणीतरी विचारलं होतं, तुमच्याकडे पैसे नाहीत का? मी तिला खूप काही ऐकवलं, बचतीबद्दल वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि विजार घातली नाही ती नाहीच.

आज ती आठवीत आहे आणि स्वतःहून जुनी जीन्स कापून पिशवी करते. पण तेव्हाचं माझं भाषण आठवलं की अजून कानकोंडं होतं. आपली काटकसर मुलांच्या अंगावर मिरवायची की नाही, हे मुलांनाही विचारायला हवं होतं.

रात्रपाळीचा_बाबा

हे फार खरं आहे. आमच्याकडे तोड निघाली ती अशी: ठिगळाचा आकार मुलगा ठरवतो. त्याला गुडघ्यावर ट्रॅक्टर हवा होता. मला ट्रॅक्टर येत नाही. दोन वेगवेगळी चाकं आणि वर एक चौकोन कापला, त्याला पुरलं. आता दुसरा गुडघा धड आहे म्हणून रडतो.

शाळेचे कपडे मात्र मी आतून ठिगळ लावून, त्याच रंगाच्या दोऱ्यानं रफू करतो. दिसता कामा नये. घरचे कपडे, झोपायचे कपडे, खेळायचे कपडे यांवर काय वाटेल ते करा.

शंकासुर

आठवीतली_आई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी लहानपणी मोठ्या भावाचे कपडे घालून वाढलो. मला ठिगळाचं काही वाटत नसे. राग यायचा तो याचा, की नवा कपडा कधी माझ्या मापाचा म्हणून आलाच नाही. ठिगळ लावा, पण कधीतरी धाकट्याच्या नावानंही कापड फाडा. बास.

उसवलेली_शिवण

हे वाचून थोरलीला बोचक्यासमोर बसवलं आणि तिलाच निवडायला सांगितलं. तिनं नवऱ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट उचलला. तिला ‘गिरकी घेतल्यावर फुगणारा’ झगा हवाय. आणि खिसा. आतून, कुणाला न दिसणारा.

जुनी_कात्री काका, फुगणाऱ्या झग्यासाठी काय करू? आणि तो वर्षभर तरी यावा.

जुनी_कात्री

फुगायला घेर हवा. कंबरेच्या मापाच्या दुप्पट कापड घेऊन चुण्या घाला. शर्टाच्या पुढच्या-मागच्या भागात पाच वर्षांच्या मुलीपुरतं तेवढं निघतं. उरेब, म्हणजे तिरकं, कापलं तर आणखी झोक येतो पण कापड फार वाया जातं, एका शर्टात भागणार नाही.

वर्षभर यायचं तर लांबीकडे बघा. या वयात मुलं वर्षाला सहा-सात सेंटिमीटर उंच होतात, रुंदीत तेवढी भरत नाहीत. म्हणून खाली आतल्या बाजूनं एक आडवी चूण घालून ठेवा, तीन सेंटिमीटर खोल. आखूड झाला की ती चूण उसवा, झगा सहा सेंटिमीटर लांब होतो. वर खांद्याला पट्ट्या करा आणि प्रत्येक पट्टीला दोन बटणं लावा, वर-खाली. कंबरेत गोल इलास्टिक, कंबरेच्या मापाहून तीन-चार सेंटिमीटर कमी. टोकं एकावर एक दोन सेंटिमीटर चढवून टिपा, नुसती टोकाला टोक लावून शिवू नका.

आतल्या खिशाला शर्टाचाच छातीवरचा खिसा उसवून घ्या. जिथं होता तिथं गडद चौकोन उमटलेला दिसेल, तो भाग चुण्यांत लपवा.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. माया किती सोडली होती?

बोचकंवाली

काका सोडत नाहीत. :)

शिवण राहू दे थोडी बाजूला, पावसाळी दिवसांसाठी सांगते. टी-शर्टांच्या पट्ट्या काप, अडीच-तीन सेंटिमीटर रुंद, काखेच्या खालून सुरुवात करून गोल गोल, म्हणजे एकच लांबलचक पट्टी निघते. मग ती हातानं ताण, कडा आत वळून गुबगुबीत दोर होतो. पाच वर्षांच्या मुलीला त्याची तिपेडी वेणी घालता येते. वेणी गोल गुंडाळत दाभणानं शिवत गेलं की पायपुसणं. आमच्याकडे एकाला तीन महिने लागले, कारण मुलगी रोज एक वीत वेणी घालून कंटाळायची. पण ते तिचं पायपुसणं आहे, त्यावर दुसऱ्या कुणी पाय पुसलेला चालत नाही.

मोठ्या खोक्यांचं पुठ्ठ्याचं घर करायचं असेल तर पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या भिंतीत उभ्या येतील असा काप, नाहीतर भिंत पोटातून वाकते. चिकटवायला मैद्याची खळ पुरते, पण पातळ लाव आणि पूर्ण वाळू दे, नाहीतर बुरशी येते.

उसवलेली_शिवण

पाच आठवड्यांनी परत येतेय.

झगा झाला. गिरकी घेतली की फुगतो. एक पट्टी दुसरीहून आखूड आहे, बटणानं सांभाळून घेतलंय. आतल्या खिशात सध्या चार खडे, एक पेन्सिलीचं टोपण आणि एक लाळेरं (का, ते विचारायचं नाही).

स्वेटर आटला, पण मी इतका रगडला की जेमतेम एका बुटाच्या जोडापुरता उरला. बूट धाकट्याला दोन बोटं मोठे आहेत, थंडीपर्यंत येतील. चादर एक झाली, दुसरीची मधली शिवण खरंच टोचते, तेव्हा ती परत उसवली. जीन्सवर १०० नंबरची सुईसुद्धा तोडली. काका, कुठं चुकलं असेल?

जुनी_कात्री

जिथं चार थर एकत्र येतात तिथं पायडलनं जाऊ नका. हातानं चाक फिरवत एकेक टाका घाला. जाडी फार असेल तर आधी तो उंचवटा हातोडीनं ठोकून बसवा. आम्ही ठोकायचो.

झगा उत्तम झाला म्हणायचा. पट्ट्या आखूड-लांब माझ्याही झाल्यात.

रात्रपाळीचा_बाबा

हातोडी! आता या कामात मला मान मिळणार घरात.

उसवलेली_शिवण

काल रात्री थोरली अस्वलाला घेऊन आली. त्याचं झबलं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ह्याची बटणं माझ्या झग्याला लाव, त्याला उकडतंय.

उसवायला घेतलं तेव्हा शिवणी नीट बघितल्या. काका, अर्धा सेंटिमीटर. एका बाजूला तेवढीही नाही.

जुनी_कात्री

तरीच.